माळ्यावरचा रोलवाला कॅमेरा: शोधायचा कुठं, तपासायचा कसा आणि रोल धुवायचा कुणाकडं

भाचीनं कॅमेरा हातात घेतला, सिद्धेश्वर तलावाकडं धरला, खटका दाबला आणि लगेच कॅमेरा उलटा करून मागं बघायला लागली. मागं काय असणार, काळं प्लॅस्टिक आणि एक छोटी खिडकी, त्यातून आतल्या रोलची कड दिसते तेवढीच. "मामा, फोटो कुठं दिसतो?" म्हटलं, पंधरा दिवसांनी. ती माझ्याकडं अशी बघितली जसं काय मी तिला गंडवायलोय.

तर हे पंधरा दिवसांचं कोडं सुटलं की निम्मा विषय सुटला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत हाच प्रश्न चार जणांनी विचारलाय. मोबाईलवरच्या रीलमध्ये कुणाचे तरी जुनाट रंगाचे फोटो दिसतात, खाली लिहिलेलं असतं 'रोलवर काढलेले', आणि मग सगळे विचारतात की बाबा हे काय असतं आणि मिळतं कुठं. कंपन्यांनाही वास लागलाय. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं 'पेंटॅक्स १७' नावाचा नवा कोरा रोलचा कॅमेरा काढला, अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात. किंमत तेव्हा अमेरिकेत ५०० डॉलरच्या आसपास होती. एवढे पैसे घालवण्यापेक्षा लोक जुने कॉम्पॅक्ट कॅमेरेच शोधायला लागलेत, आणि माझं म्हणणं असं की सोलापुरात राहणाऱ्यानं तर एक रुपया न घालवता सुरुवात करावी. पैसे लागणारच आहेत, पण ते कॅमेऱ्याला नाही, रोलला.

मुळात हा एक अंधारा डबा आहे

रोलच्या कॅमेऱ्यात चारच गोष्टी असतात. अंधारा डबा, पुढं भिंग, मध्ये एक पडदा जो खटका दाबल्यावर सेकंदाच्या शंभराव्या-दीडशेव्या भागापुरता उघडतो (त्याला शटर म्हणतात), आणि मागं फिल्म. फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, ३५ मिलिमीटर रुंद, तिच्यावर चांदीच्या क्षारांचे बारीक कण जिलेटिनमध्ये बसवलेले. एका फोटोला ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा मिळतो. डबीतल्या रोलचा हा प्रकार कोडॅकनं १९३४ मध्ये आणला आणि आजही तोच चालतो, म्हणजे तुमच्या आजोबांच्या कॅमेऱ्यात आजचा रोल बसू शकतो. मोबाईलच्या चार्जरला हे जमलेलं नाही.

आता उजेड पडला की कणांचं काय होतं? डोळ्याला दिसण्यासारखं काहीच होत नाही. दुधाला विरजण लावल्यावर लगेच बघितलं तर दूधच दिसतं ना, तसं. फिल्मवर जिथं उजेड पडला तिथल्या कणाला चांदीचा एक इवलासा ठिपका विरजणासारखा लागतो आणि मग रोल धुताना केमिकलमध्ये तो अख्खा कण दह्यासारखा 'लागतो', म्हणजे काळा पडतो. जिथं उजेड पडला नाही तिथलं दूध दूधच राहतं आणि ते दुसऱ्या केमिकलनं धुऊन काढतात. म्हणून जिथं उजेड तिथं काळं, आणि अंधार तिथं पारदर्शक, असा उलटा फोटो मिळतो. ही निगेटिव्ह. आमच्या घरी लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात अजून आहेत, तुमच्याकडंही असतील, तपकिरी पट्ट्या.

रोलच्या डबीवर १००, २००, ४०० असा आकडा असतो, तो आयएसओ. आकडा मोठा तेवढा रोल कमी उजेडात चालतो, पण कण मोठे होतात. बारीक रवा आणि जाड रवा, एवढाच फरक. जाड रव्याचा शिरा वाईट नसतो, दिसायला वेगळा असतो.

कॉम्पॅक्ट म्हणजे नेमका कुठला?

खिशात मावणारा, भिंग बदलता न येणारा. बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो, २००५ च्या आसपासचे चपटे डिजिटल कॅमेरे पण सध्या फॅशनमध्ये आहेत, ते वेगळे, त्यात मेमरी कार्ड असतं. आपण रोलवाल्याबद्दल बोलतोय.

त्यात सगळ्यात साधे म्हणजे फोकस करायची भानगडच नसलेले. साधारण दीड मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. आपल्याकडच्या घरांत सापडतात ते बहुतेक हेच, याशिका एमएफ-टू, कोडॅकचा केबी-टेन. माझा एमएफ-टू आहे, साखर पेठेतल्या मोठ्या मामांच्या माळ्यावर, चकल्यांचा सोऱ्या आणि जुन्या रेडिओच्या मधे, स्टीलच्या डब्यात होता. हात लांब करून स्वतःचा फोटो काढलात तर तोंड धूसर येणार, कारण हात दीड मीटरचा नसतो.

दुसऱ्या प्रकारात अंतर तुम्ही अंदाजानं सांगायचं. ऑलिंपस ट्रिप ३५ घ्या, १९६७ पासून १९८४ पर्यंत बनला. भिंगावर एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर अशी चार चित्रं, समोर जे असेल त्या चित्रावर कडं फिरवायचं. ह्याला सेलच लागत नाही! भिंगाभोवती खवल्या-खवल्यांची काच असते, तिच्यामागं सेलेनियम, उजेड पडला की तेच वीज करतं आणि तीच वीज मापाचा काटा हलवते, सोलर कॅल्क्युलेटरसारखं. उजेड कमी असेल तर आत लाल पट्टी वर येते आणि खटका पडतच नाही. मशीन स्वतः म्हणतं नको काढू. ह्याच कंपनीचा एक्सए १९७९ चा, योशिहिसा मायतानी नावाच्या इंजिनिअरनं काढलेला, सरकवायचं झाकण असलेला, साबणाच्या वडीएवढा. भारी आहे, पण त्याला दोन बटण सेल लागतात.

तिसरे म्हणजे नव्वदच्या दशकातले सगळं स्वतः करणारे, ऑलिंपस म्यू (१९९१) आणि म्यू-टू (१९९७) वगैरे. फोटो सुंदर येतात, मान्य. पण किमती रीलवाल्यांनी वेड्यासारख्या वाढवून ठेवल्यात, आणि आतलं सर्किट गेलं की दुरुस्ती जवळपास नाहीच, पेपर दाबायला ठेवायचा. पहिला कॅमेरा म्हणून मी हा कुणालाच घे म्हणणार नाही.

आधी माळा, मग स्टुडिओ, ऑनलाइन सगळ्यात शेवटी

दिवाळीची साफसफाई ही कॅमेरा शोधायची बेस्ट वेळ. आत्या, मामा, चुलते, ज्यांच्या लग्नाचे फोटो घरच्या कॅमेऱ्यावर काढलेत त्यांना फोन लावा. मग जुने स्टुडिओ, नवी पेठ, टिळक चौक, विजापूर वेस, जिथं अजून पासपोर्ट फोटो काढतात. काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये गिऱ्हाईकानं कधी काळी दुरुस्तीला टाकून नेलेच नाहीत असे कॅमेरे पडून असतात. मी एका काकांना विचारलं तर म्हणाले, "न्या की, माझी काय भांडी घासायला लागतेत का त्याच्यावर." पुण्याला गेलात तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार बघा, पण तिथं घासाघीस येत असेल तरच.

एक सावधान. घरात सापडलेला चौकोनी डबा अग्फा क्लिक-थ्री असेल तर तो आजच्या विषयातला नाही, त्याला १२० नावाचा रुंद रोल लागतो आणि १२ च फोटो येतात. आणि 'खटाक' वाला हॉट शॉट कॅमेरा सापडला तर त्याला ११० ची डबी लागते, ती आता मिळणं अवघड. शोकेसमध्ये ठेवा.

हातात आल्यावर काय बघायचं? पहिलं, मागचं झाकण उघडायच्या आधी आत रोल आहे का बघा. रिवाइंडची छोटी चकरी हलकेच बाणाच्या दिशेनं फिरवा, अडकल्यासारखी, ताणल्यासारखी वाटली तर आत रोल आहे, उघडू नका. रिकामा असेल तर उघडून झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटानं दाबा. चिकट गुळासारखा हाताला लागला तर तो गेला, तिथनं उजेड शिरणार आणि फोटोवर केशरी पट्टे येणार. हे बदलता येतं, घासून काढून काळी लोकर नाहीतर नवीन फोम चिकटवायचा, तासाभराचं काम.

मग सेलचा कप्पा. हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे जुना सेल फुटलाय, कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसलं तर बऱ्याचदा निघतं. मग भिंगावर मोबाईलची बॅटरी मारून तिरकं बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती खरी बुरशी. इथं सोलापूरचा फायदा आहे, आपली हवा कोरडी, त्यामुळं इथल्या माळ्यावरच्या कॅमेऱ्याला धूळ भरपूर पण बुरशी कमी. मुंबई-कोकणातनं आलेला असेल तर डोळ्यात तेल घालून बघा.

आणि रोल नसताना खटका पडत नाही म्हणून कॅमेरा बंद समजू नका! बऱ्याच साध्या प्लॅस्टिक कॅमेऱ्यांत फिल्मची भोकं एक दातेरी चकती फिरवतात आणि त्या चकतीनंच शटर चढतं. झाकण उघडून ती चकती बोटानं फिरवा, टक् आवाज येईल, मग खटका दाबा. हे माहीत नसल्यामुळं कितीतरी चांगले कॅमेरे भंगारात गेलेत.

फ्लॅशवाला कॅमेरा स्क्रू काढून उघडायचा मोह मात्र आवरा. आतल्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठवण असते, सेल काढल्यावरही. आमचा एक मित्र त्याला 'पंख्याचा असतो तेवढाच आहे बे' म्हणाला आणि नंतर दहा मिनिटं हात झटकत बसला.

माझी अख्खी गड्डा यात्रा कोरी कशी आली

ही गोष्ट सांगायलाच पाहिजे. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहात रोल भरला आणि गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत बाराबंदी घातलेली माणसं, सात नंदीध्वज, खांद्यावर बसलेली पोरं, सगळं काढलं. आकडा ३६ वर गेला, मी काढतच राहिलो, ३७, ३८, म्हटलं वा, कंपनीनं जास्तीचे दिलेत. रोल धुऊन आला तो कोरा करकरीत, काचेसारखा. एक फोटो नाही.

झालं असं की फिल्मचं टोक उजवीकडच्या दांड्यात अडकलंच नव्हतं. मी चाक फिरवायचो, आकडा पुढं जायचा, आणि फिल्म आपली डबीत निवांत झोपलेली. मागावर सूत बीमला नीट बांधलं नाही तर माग नुसता खडखडतो, कापड काही निघत नाही, पूर्व भागातल्या कुणाही विणकराला विचारा.

त्यामुळं भरताना टोक दांड्याच्या खाचेत घाला, झाकण उघडं ठेवूनच एकदा फिरवा, दोन्हीकडची भोकं दात्यांवर बसली का बघा, मग झाकण लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढचा फोटो चढवताना डावीकडची रिवाइंडची चकरी उलटी फिरतेय का ते बघा. फिरली म्हणजे फिल्म सरकतेय. ती नुसती गप्प बसली असेल तर तुमची पण गड्डा यात्रा कोरी.

रोल संपल्यावर खालचं छोटं बटण दाबून फिल्म परत डबीत गुंडाळायची, मगच झाकण उघडायचं. चुकून मधेच उघडलंच तर घाबरून रोल फेकू नका, पटकन बंद करा. बाहेरचे पाच-सहा वेढे जळतात, आतले बरेचदा वाचतात.

ऊन, सावली आणि कडक भाकरी

साध्या कॅमेऱ्यात उजेडाचं माप तुमच्या हातात फारसं नसतं, मग नेम लावायचा कसा? एकच लक्षात ठेवा, कलर निगेटिव्ह रोलला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. भाकरी थोडी जास्त भाजली तर कडक भाकरी म्हणून शेंगा चटणीबरोबर आवडीनं खातो आपण, पण कच्ची राहिली तर कुत्रं खात नाही. तसंच आहे. जास्त उजेड पडला तर लॅबवाला स्कॅन करताना सांभाळून घेतो, कमी पडला तर सावलीत काही नोंदलंच गेलं नाही, तो तरी काय करणार.

सोलापुरात उन्हाची काय कमी? मार्च ते मे २०० चा रोल भरून किल्ल्यात, तलावाच्या काठी, सात रस्त्यावर कुठंही काढा. भर दुपारी मात्र डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांखाली काळं येतं, सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर बरं. घरात, लग्नात, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर ४०० चा रोल आणि फ्लॅश. फ्लॅशची धाव फारतर तीन-चार मीटर, त्यामुळं होम मैदानावर शोभेच्या दारूकामाला फ्लॅश मारणाऱ्यांचं मला दरवर्षी हसू येतं, समोरच्याचं टक्कल तेवढं उजळतं.

अजून एक, ज्या खिडकीतनं आपण बघतो ती भिंगाच्या जरा वर आणि बाजूला असते. लांबचं काही फरक पडत नाही, जवळच्या माणसाचं डोकं मात्र कापलं जातं. जुन्या अल्बममध्ये काकांची डोकी अर्धी का असतात, त्याचं कारण काका नाहीत.

"रोल मिळतो कुठं आणि धुतो कोण?"

हा प्रश्न कॅमेरा घ्यायच्या आधी विचारायचा. नवीन रोल ऑनलाइन मिळतात, कोडॅक गोल्ड २००, कलरप्लस २००, अल्ट्रामॅक्स ४००, काळ्या-पांढऱ्यात इलफर्डचा एचपी-फाइव्ह. उटीला आपली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, 'इंदू' नावाचा रोल यायचा, ती बंद पडली. काही जण सिनेमाची फिल्म कापून डबीत भरून स्वस्तात विकतात, वाईट नसते पण तिचं केमिकल वेगळं, घेतलीत तर लॅबला आधी सांगा, नाहीतर त्यांचं मशीन खराब होऊ शकतं.

रोल उन्हाळ्यात कपाटात ठेवू नका आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो आणि रंग बिघडतात. फ्रिजमध्ये, बंद डबीत ठेवा, वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढा. आमच्याकडं लोणच्याच्या बरणीशेजारी असतात, आई अजून विचारते हे औषध कुणाचं.

धुवायला मी पुण्याला पाठवतो, कुरिअरनं, किंवा हुताम्यानं (हुतात्मा एक्स्प्रेसला आम्ही असंच म्हणतो) कुणी चाललं असेल तर त्याच्या खिशात. मुंबईच्या लॅब पण कुरिअर घेतात. ते धुऊन, स्कॅन करून फोटो मेलवर पाठवतात. निगेटिव्ह परत मागायला विसरू नका, खरा माल तोच आहे. विमानानं जात असाल तर रोल मोठ्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा आणि हातानं तपासा म्हणून विनंती करा, सामान तपासायच्या नव्या सीटी (एक्स-रे) मशीनमधून फिल्म धुरकट होते.

घरी नाही का धुता येत? कलरचं पहिलं केमिकल ३७.८ अंशावर सव्वातीन मिनिटं लागतं, अर्धा अंश इकडं-तिकडं झाला की रंग बदलतो, सुरुवातीला नको. काळा-पांढरा जमतो, त्याला साधारण २० अंश पाणी लागतं. मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला चालेल, त्यामुळं मी बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवतो आणि हे काम शक्यतो डिसेंबरातच करतो.

"हा पैशाचा चुराडा नाही का?"

आहे. माझ्या मागच्या रोलचा हिशोब सांगतो, रोल ११५०, धुऊन स्कॅन ५००, कुरिअर १५०, एकूण १८००. ३६ नं भागलं की फोटोमागं ५० रुपये, म्हणजे खटका दाबला की एक प्लेट भजी गेली. फिल्ममध्ये चांदी लागते आणि कलर रोल बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके उरलेत, खुद्द कोडॅकनं २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, त्यातनं उठून तेच अजून रोल बनवतात. स्वस्त होईल म्हणून थांबायचं असेल तर थांबा, मला लक्षण दिसत नाही. वर्षाला दोन रोल, एक गड्ड्याला आणि एक घरच्या कार्याला, एवढं मला झेपतं.

"मोबाईलमध्ये फिल्टर आहे की"

आहे, आणि दहापैकी आठ जणांना फरक कळणार पण नाही, खोटं कशाला बोलू. पत्रिकेचा, आधारकार्डाचा, भांडणाच्या पुराव्याचा फोटो मोबाईलवरच काढा. माझ्यापुरतं कारण साधं आहे, मोबाईलमध्ये भाचीचे चार हजार फोटो आहेत आणि मला त्यातला एकही आठवत नाही, आणि रोलवरचे तिचे सात आहेत, सातही आठवतात.

जुन्या कॅमेऱ्यात रोलच सापडला तर?

तारीख उलटून गेलेला रोल नासलेल्या दुधासारखा एकदम फेकायचा नसतो, त्याची ताकद कमी होत जाते. ढोबळ हिशोब असा की दर दहा वर्षांना दुप्पट उजेड द्यायचा, म्हणजे दहा वर्षं जुना २०० चा रोल १०० चा समजून वापरायचा. पण माळ्यावरच्या उन्हात वीस वर्षं भाजलेला कोरा रोल असेल तर माझं ऐका, त्यावर कुणाचं बारसं काढू नका. काढून झालेला सापडला तर लॅबला वय सांगून धुवायला द्या, धूसर का होईना काहीतरी निघायची शक्यता असते. मामांच्या एमएफ-टू मध्ये असा एक निघाला होता. चार फ्रेम आल्या, चारही अंगठ्याच्या. मामा म्हणाले, "हा तुझ्या मामीचा."

भाचीचे ते पंधरा दिवस कधीच उलटून गेले. तिचा आकडा ३१ वर अडकलाय, उरलेले पाच कशासाठी राखून ठेवलेत विचारलं तर सांगत नाही.